‘कसे केले?’ या प्रकरणाची गोष्ट

प्रकल्पांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना हे चित्र ओळखीचे असेल. प्रस्तावना चार पाने, निष्कर्ष दोन पाने, आभार एक पान, आणि ‘कार्यपद्धती’ या मथळ्याखाली दोन ओळी: ‘आम्ही एक प्रश्नावली तयार केली. ती विद्यार्थ्यांकडून भरून घेतली.’ मानसशास्त्राच्या सर्वेक्षणात हे हमखास घडते. रसायनशास्त्राच्या प्रयोगात किती मिलिलिटर आम्ल घेतले हे लिहायचे असते, एवढे तरी विद्यार्थ्याला माहीत असते. माणसांना प्रश्न विचारले की त्यात लिहिण्यासारखे काय, असे त्याला वाटते.

आम्हा संशोधकांचा क्रम नेमका उलटा असतो. एखाद्या नियतकालिकाकडे आलेला शोधनिबंध तपासायला घेतला की आमच्यापैकी बरेचजण आधी कार्यपद्धतीचे पान उघडतात. तिथे गडबड असेल तर निष्कर्ष कितीही आकर्षक असला तरी त्याला अर्थ उरत नाही. हे प्रकरण विज्ञानात आले कसे, मानसशास्त्राला त्याची विशेष गरज का पडली आणि आपल्याकडे पुण्यात झालेल्या एका प्रयोगात त्याने कोणते काम केले, हे या लेखात पाहू.

मथळा आला कुठून?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल हवेच्या पंपावर प्रयोग करत होता. १६६० साली त्याने ते प्रसिद्ध केले. त्याची वर्णने आजच्या वाचकाला कंटाळवाणी वाटतील इतकी लांबलचक आहेत. काचपात्र केवढे होते, दट्ट्या कसा ओढला, कोणता प्रयोग फसला, सारे त्याने लिहून ठेवले. त्यामागे विचार होता. प्रयोग पाहायला हजर असलेली माणसे मोजकीच असणार. जो हजर नव्हता त्यालाही वाचून जवळजवळ साक्षीदार होता आले पाहिजे, आणि शंका आली तर तोच प्रयोग स्वतः करून पाहता आला पाहिजे.

मानसशास्त्र प्रयोगशाळेत शिरले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिथे एक नवी अडचण उभी राहिली. आपल्यावर प्रयोग चालला आहे हे हवेच्या पंपाला कळत नाही, माणसाला कळते. प्रश्न कोण विचारतो, कोणत्या शब्दांत विचारतो, उत्तर कोण वाचणार आहे, शेजारी कोण बसले आहे, या सगळ्याचा परिणाम उत्तरावर होतो. म्हणजे हे तपशील लिहिले नाहीत, तर आपण नेमके काय मोजले हेच वाचकाला कळणार नाही.

१९२९ साली अमेरिकेतल्या ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात शोधनिबंध कसे लिहावेत याबद्दलच्या सूचना छापून आल्या. जेमतेम सात पानांचा मजकूर होता तो. त्याचेच पुढे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे मार्गदर्शक पुस्तक झाले. आज ते चारशेहून अधिक पानांचे आहे आणि जगभरचे मानसशास्त्राचे विद्यार्थी ते वापरतात. त्यानुसार कार्यपद्धतीच्या प्रकरणात ढोबळमानाने तीन गोष्टी येतात: सहभागी व्यक्ती कोण होत्या, साधने कोणती वापरली आणि प्रत्यक्ष कृती कोणत्या क्रमाने केली.

एका वर्गाची फसगत

हे तपशील किती मोलाचे असतात याचे एक गमतीदार उदाहरण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. त्यांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली. आठवड्याभराने प्रत्येकाच्या हातात त्याचे नाव घातलेले, टंकलिखित व्यक्तिमत्त्ववर्णन ठेवले. हे वर्णन तुम्हाला कितपत लागू पडते याला शून्य ते पाच गुण द्या, असे सांगितले. सरासरी गुण पडले ४.२६! मग उलगडा झाला. सर्वांना एकच वर्णन दिले होते, आणि त्यातली विधाने वृत्तपत्रविक्रेत्याकडे मिळणाऱ्या ज्योतिषाच्या एका पुस्तकातून बहुतांशी उचललेली होती.

आता समजा, या प्रयोगाची कार्यपद्धती ‘विद्यार्थ्यांना चाचणी दिली, त्यांना वर्णने दिली व त्यांचे मत घेतले’ एवढीच लिहिली असती. मग वाचकाने काय निष्कर्ष काढला असता? चाचणी फारच अचूक आहे, हाच. सर्वांना एकच कागद दिला होता, या एका तपशिलाने निष्कर्षाचा अर्थ संपूर्ण उलटा होतो. ‘मला पत्रिकेचा अनुभव आला आहे’ हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो. तो अनुभव खोटा असतो असे नव्हे. तो मोजला कसा, हे विचारावे लागते.

दोनशे कुंडल्या

हा प्रश्न महाराष्ट्रात रीतसर विचारला गेला तो २००८ साली. त्याला पार्श्वभूमी होती. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञाना’चे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले आणि देशभरच्या वैज्ञानिकांनी त्याला विरोध केला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ मध्ये न्यायालयाने अभ्यासक्रमांविरुद्धची याचिका फेटाळली. बाजूने आणि विरोधात लिहिले पुष्कळ गेले. पण फलज्योतिषाचा एखादा दावा हाती घेऊन त्याची आपल्याकडे, आपल्याच ज्योतिषांकडून, आपल्याच पद्धतीच्या कुंडल्यांवर चाचणी घ्यावी, असे काम जवळपास झालेच नव्हते.

ते करायला चौघे एकत्र आले. पुण्याच्या ‘आयुका’तले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिषाचा व्यवसाय केलेले प्रकाश घाटपांडे. त्यांचा शोधनिबंध ‘करंट सायन्स’च्या मार्च २००९ च्या अंकात आला. तो अवघ्या तीन पानांचा आहे आणि त्यातला मोठा भाग ‘कसे केले’ यानेच व्यापलेला आहे. मघाशी पाहिलेली तीन अंगे त्याला लावून पाहू.

सहभागी. इथे माणसांचे दोन संच होते. पहिला मुलांचा. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांमध्ये जाऊन, शिक्षकांच्या मते हुशार असलेल्या मुलांची जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ गोळा केले. तसेच तपशील विशेष शाळांमधल्या, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांचेही मिळवले. प्रत्येक गटात शंभर, अशी एकूण दोनशे मुले झाली. दुसरा संच ज्योतिषांचा. मे २००८ मध्ये पुण्यात पत्रकार परिषद घेऊन त्यांना जाहीर आवाहन केले गेले. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या. त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठवली.

साधने. जन्मतपशिलांवरून घाटपांडे यांनी संगणकाच्या साहाय्याने कुंडल्या तयार केल्या. ज्योतिषाचे अंग माणसालाच ठाऊक नव्हते, चुकीच्या कुंडल्या मांडल्या, असा आक्षेप घ्यायला त्यामुळे जागा उरली नाही.

कृती. मूळ नोंदी संख्याशास्त्र विभागाच्या ताब्यात राहिल्या आणि कुंडल्यांना संकेतांक दिले गेले. प्रत्येक ज्योतिषाला दोनशेतल्या यादृच्छिक रीतीने निवडलेल्या ४० कुंडल्या मिळाल्या. प्रत्येक कुंडली हुशार मुलाची की बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाची, एवढेच सांगायचे होते. पत्रिकेवरून माणसाची बुद्धी कळते असा दावा असेल, तर इतका ढोबळ फरक ओळखता यायला हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच. यश कशाला म्हणायचे हे उत्तरे येण्याआधी ठरले होते. ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर आली तरच ते यश.

२८ च का? हा हिशेब अकरावी-बारावीचा विद्यार्थी वर्गात करू शकेल. कुंडलीकडे न पाहता नाणे उडवून उत्तरे दिली तर ४० पैकी सरासरी २० बरोबर येतील. कधी १७ येतील, कधी २३. पण २८ किंवा त्याहून अधिक येण्याची शक्यता सुमारे ०.००८ आहे, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. एवढे गुण कोणी मिळवलेच, तर ते केवळ नशीब आहे असे म्हणणे अवघड जाईल.

उत्तरे आली. सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४, ती एकाची. त्याखालोखाल दोघांना प्रत्येकी २२. सर्वांची मिळून सरासरी निम्म्याच्या खालीच राहिली. एका ज्योतिष संस्थेने सर्व दोनशे कुंडल्या मागवून घेतल्या होत्या. त्यांची १०२ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के.

इथे ‘पण चोवीस बरोबर आलेच ना?’ असा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारेल, आणि तो विचारायलाच हवा. नाणे उडवून २४ किंवा अधिक मिळण्याची शक्यता सुमारे ०.१३ आहे. म्हणजे नुसती नाणी उडवणारे २७ जण बसवले, तर त्यांतल्या तिघा-चौघांना तेवढे गुण मिळतील अशी अपेक्षा धरता येते. मिळाले एकालाच. यशाची रेषा आधी आखली नसती, तर त्या एकाचा सत्कार झाला असता आणि बाकीचे सव्वीसजण विसरले गेले असते.

आक्षेपांना दार उघडे

या प्रयोगावर आक्षेप घेता येतात का? जरूर येतात, आणि गंमत अशी की बहुतेक आक्षेपांची सामग्री निबंधानेच पुरवली आहे. जन्मवेळा पालकांकडून आलेल्या, त्या अचूक होत्या का? हुशार मूल शिक्षकांच्या मतावरून ठरवले, बुद्धिमापन चाचणीवरून नाही. ५१ पैकी २४ जणांनी उत्तरेच पाठवली नाहीत. उरलेले २७ सर्व ज्योतिषांचे प्रतिनिधी मानावेत का? हे प्रश्न आपल्याला सुचतात, कारण आकडे आणि रीत दोन्ही समोर ठेवलेली आहेत. ज्याचे समाधान झाले नसेल त्याने रुग्णालयातल्या नोंदींवरून वेळा घ्याव्यात, चाचणीने मुले निवडावीत आणि पुन्हा करून पाहावे. त्याच्या हातात आराखडा आयता आहे.

असे पुनर्परीक्षण प्रत्यक्षात होतेही. १९८५ साली शॉन कार्लसन यांनी ‘नेचर’मध्ये ज्योतिषाची अशीच एक चाचणी प्रसिद्ध केली. जन्मकुंडली देऊन, तीन व्यक्तिमत्त्ववर्णनांपैकी त्या व्यक्तीचे कोणते ते ज्योतिषांनी ओळखायचे होते. निम्म्या वेळा तरी ओळखू, असे त्यांनी आधी सांगितले होते. यश आले सुमारे एक तृतीयांश, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवल्यावर येईल तेवढेच. चोवीस वर्षांनी, २००९ मध्ये, सुइटबर्ट एर्टेल या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासून कार्लसनच्या विश्लेषणावर हरकत घेतली. ती हरकत कितपत टिकते हा वेगळा विषय आहे. मुद्दा असा, की न पटणाऱ्या माणसालाही चोवीस वर्षांनंतर पुराव्यापर्यंत पोचता आले. आपल्या विरोधकाची अशी सोय करून ठेवणे हेच कार्यपद्धतीच्या प्रकरणाचे काम.

शिरवळच्या वर्गात

शिरवळ हे गाव पुणे-सातारा रस्त्यावर, नीरा नदीच्या काठी, दोन्ही शहरांच्या साधारण मधोमध आहे. समजा, तिथल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा राशिभविष्यावरील विश्वास’ असा सर्वेक्षणाचा विषय घेतला. त्यांची कार्यपद्धती कशी लिहिली जावी?

पहिला प्रश्न कोणाला विचारले याचा. वर्गातल्या मित्रांना विचारले, की हजेरीपटावरून दर पाचवा क्रमांक घेतला? शिरवळमध्ये राहणारे किती आणि रोज आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारे किती? औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांतली मुले असतील, तर मराठी प्रश्न त्यांना नीट समजले का? ‘शिरवळच्या विद्यार्थ्यांना असे वाटते’ असे निष्कर्षात लिहायचे असेल, तर त्या ‘विद्यार्थ्यां’मध्ये कोण आले आणि कोण राहून गेले, हे इथे नोंदवायला हवे.

दुसरा प्रश्न शब्दांचा. ‘तुमचा अंधश्रद्धेवर विश्वास आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ कोण म्हणेल? शब्दातच निकाल दिलेला आहे. त्याऐवजी ‘गेल्या सात दिवसांत तुम्ही राशिभविष्य किती वेळा वाचले?’ असे विचारले तर उत्तर मोजता येते. म्हणून प्रश्नावली संपूर्ण, जशीच्या तशी, वहीला जोडावी. पर्याय किती होते, ‘सांगता येत नाही’ हा पर्याय होता का, प्रश्नावली आधी आठ-दहा जणांवर करून पाहिली का आणि त्यानंतर काय बदलले, हेही लिहावे.

तिसरा प्रश्न परिस्थितीचा. कागदावर नाव लिहायचे होते का? एका बाकावर तिघे बसून भरत होते का? विज्ञानाचे सर वर्गात उभे असतील तर उत्तरे एक येतील, घरी आजीसमोर भरली तर दुसरी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विचारले असेल तर तिसरीच. यातले काहीही गुन्हा नाही. ते न लिहिणे मात्र घातक.

या सगळ्याचा मिळून एक परिच्छेद असा होईल. आकडे अर्थातच कल्पित आहेत: ‘अकरावी व बारावीच्या हजेरीपटावरून दर पाचवा विद्यार्थी निवडला. निवडलेल्या ६० पैकी ५२ जणांनी प्रश्नावली भरली. पाच गैरहजर होते व तिघांनी नकार दिला. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांच्या पालकांची लेखी संमती आधी घेतली होती. प्रश्नावली निनावी होती. ती मधल्या सुट्टीनंतर, एका बाकावर एक अशा बैठकीत, शिक्षकांच्या अनुपस्थितीत भरून घेतली. भरलेले कागद बंद पेटीत टाकायला सांगितले. मुलगे व मुली यांच्या सरासरी गुणांची तुलना करायची, हे प्रश्नावली वाटण्यापूर्वीच ठरवले होते.’

भाषा पाहा. सारे भूतकाळात आहे, कारण झालेले सांगायचे आहे. ‘विद्यार्थ्यांनी प्रामाणिकपणे भरावी’ अशा उपदेशाला इथे जागा नाही. ‘काही’, ‘बरेच’, ‘साधारण’ या शब्दांच्या जागी संख्या आहेत. आणि नकार देणाऱ्या तिघांनाही आकड्यांत स्थान आहे. मुलांवरच्या अभ्यासात हा शेवटचा मुद्दा सभ्यतेचाही आहे. ज्यांना नको होते त्यांना नाही म्हणता आले, याची ती नोंद आहे. पुण्याच्या प्रयोगात कुंडल्यांवर संकेतांक होते, ते केवळ ज्योतिषांना ओळख पटू नये म्हणून गरजेचे होते असे नव्हे. विशेष शाळेतल्या मुलाचे नाव चारचौघांत फिरू नये, यासाठीही तीच रीत योग्य होती.

आधी लिहायचे प्रकरण

कार्यपद्धती सर्वांत शेवटी, वही देण्याच्या आदल्या रात्री लिहायची, अशी प्रथा आहे. मानसशास्त्राला ही सवय महागात पडली. २०१५ साली ‘सायन्स’मध्ये एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. नामवंत नियतकालिकांत आलेले मानसशास्त्रातले शंभर अभ्यास जगभरच्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष दिले होते. पुन्हा केल्यावर तसे निष्कर्ष ३६ टक्के अभ्यासांतच आले. सगळ्यांनी लबाडी केली होती असे नाही. उत्तरे पाहून झाल्यावर, त्यांतले जे ठसठशीत दिसते तेच आपण शोधत होतो असे प्रामाणिक माणसालाही वाटू लागते. म्हणून आता अनेक संशोधक अभ्यासाची पद्धत आणि विश्लेषणाची रीत आधीच लिहून, तारखेसह जाहीर नोंदवून ठेवतात.

शाळेत याला संकेतस्थळ वगैरे लागत नाही. प्रश्नावली वाटण्याच्या आदल्या दिवशी कार्यपद्धतीचे पान लिहून, खाली तारीख घालून ते शिक्षकांकडे द्यावे. काम झाल्यावर प्रत्यक्षात काय बदलले तेवढे खाली जोडावे. गुण देताना हे पान निष्कर्षाच्या पानाच्या आधी वाचावे. ‘काहीच फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष असलेल्या वहीला, पान चोख असेल तर, पूर्ण गुण द्यावेत. विद्यार्थी आकडे ‘सुधारतात’ ते बहुधा आपण निष्कर्षाला गुण देतो म्हणूनच.

डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्या दोघांना आता या प्रयोगाबद्दल काही विचारता येणार नाही. पण ४० कुंडल्या, २८ ची रेषा आणि उत्तर न पाठवणारे २४ जण त्या तीन पानांत नोंदलेले आहेत. शिरवळच्या विद्यार्थ्यांना तोच प्रयोग पुन्हा करायचा असेल, तर तेवढ्यावरून सुरुवात करता येईल.